रविवारची दहाची पाळी

उमिओ, सोमवार, ७ ऑक्टोबर. दु. १२.०४
आजपासून चिडणं बंद. शेजारच्या गुन्वरबाईंनी आजही धुण्याची पाळी पळवली. इमारतीच्या तळघरात शेजारीशेजारी दोन धुलाईखोल्या, बाहेर बसायला एकच बाक. एक नंबरची दर रविवारी दहाला इमारतीतलीच इल्वा घेते. दोन नंबरची मला हवी. पुढच्या रविवारच्या पाळ्या सोमवारी बाराला साइटवर उघडतात, आणि एकाहत्तर वर्षांच्या गुन्वरबाई एका बोटाने माझ्याआधी पोचतात. दोन तास, मशीन फिरतंय, बाकावर शेजारी इल्वा. एवढंच मागणं आहे.
प्रोग्रॅम लिहायचा. कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं म्हणून काय झालं?

बुधवार, ९ ऑक्टोबर
प्रोग्रॅम तयार. कॉम्प्युटरवर स्वतःची खिडकी, हिरवं बटण. कॉलेजात याला तीन वर्षं लावतात.

सोमवार, १४ ऑक्टोबर. १२.०१
बटण दाबलं. साइटच्या उत्तराची वाट बघत प्रोग्रॅम गोठला. खिडकी हलेना. उत्तर आलं तेव्हा पाळी गुन्वरबाईंची. चिडलो नाही. माऊस भिंतीवर आपटला, पण तो जुनाच होता.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
एका उत्तरासाठी ताटकळत बसायचंच कशाला? विनंत्या एकदम सोडायच्या. उत्तरं येतील तेव्हा येतील, तोवर बाकीची कामं चालू. माझा स्वभावच तसा आहे.
चाचणी केली. प्रत्येक विनंतीला साइट विचारते, आपण कोण? लॉगिन केल्यावर ती एक कुकी देते, ओळखीचा बिल्ला. तो दर वेळी दाखवायचा असतो. माझ्या विनंत्या बिल्ला घरी विसरून धावत होत्या.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
बिल्ला आता प्रोग्रॅममध्येच साठवतो. बंद करून उघडला तरी जागेवर. आता हरणं अशक्य.

शनिवार, १९ ऑक्टोबर
इल्वा दारात आली. स्वतःहून. तिचा फोन बंद पडला होता, उद्याची पाळी पक्की आहे ना बघायचं होतं. माझ्या प्रोग्रॅममधून लॉगिन करून दिलं. हे तू केलंस? म्हणाली. मी थोडक्यात समजावलं, वीस मिनिटं. म्हणाली, मोन्स, मधेमधे श्वास घेत जा. काळजी करते माझी.
ती गेल्यावर खिडकीत वर तिचं नाव तसंच होतं. पुसवलं नाही.

सोमवार, २१ ऑक्टोबर. १२.००
जिंकलो. इल्वाची पाळी तेवढी सोडली. बाकी रविवारच्या दोन्ही खोल्यांच्या सगळ्या पाळ्या, म्हणजे धोकाच नको. साइटचा सगळ्यांना होकार. किती घ्याव्यात याला साइटवर मर्यादाच नाही. तीस वर्षांत इथे असं कोणी वागलं नव्हतं, त्यामुळे ती घालायचं कुणाला सुचलं नसावं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर
तळघराच्या दारावर चिठ्ठी. आमच्याकडे तोंडावर कोणी बोलत नाही. ‘प्रिय इल्वा, एवढे कपडे? आम्हीही अंगावर काहीतरी घालतो. स्नेहपूर्वक, गुन्वर.’
इल्वा? साइट बघितली. सगळ्या पाळ्या तिच्या नावावर. शनिवारचा तिचा बिल्ला प्रोग्रॅमने जपून ठेवला होता.

बुधवार, २३ ऑक्टोबर
चिठ्ठीखाली कबुली लिहिली, सहीसकट. इमारतीच्या समितीने मला सहा आठवडे धुलाईबंदी केली. समिती म्हणजे गुन्वरबाई.
इल्वा जिन्यात भेटली. ओरडली नाही. पाळ्या परत केल्या म्हणाली, दोन नंबरची दहाची गुन्वरबाईंना दिली. विचारलं, त्यांनाच का? म्हणाली, नर्सिंगची परीक्षा जवळ आलीय, रविवारी तिथे शांतता असते म्हणून तर जाते. बाई विणत बसतात, दोन तासांत अक्षर बोलत नाहीत. तू एक प्रश्न विचारतोस आणि उत्तराच्या आत आणखी चार.
म्हणजे मोजलेत तिने. चांगली खूण आहे.

रविवार, २७ ऑक्टोबर. स. १०.००
इल्वाला निरोप पाठवला. परीक्षेनंतर कॉफी? एकच प्रश्न. आता उत्तर येईल तेव्हा येईल. मी गोठलेलो नाही, बाकीची कामं चालू आहेत. टबात मोजे धुतले.

१०.२०
मोजे पुन्हा धुतले.

१०.४५
मोजे स्वच्छच आहेत. धुतोय.