दाराखालची निळी रेघ

मंगळवार, चौदा तारीख

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. एरवी ‘अनेक’ लिहिते, पण आज माझ्याकडे फार शिल्लक नाहीत. आहेत ते तुझ्या मुलींना दे. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा खोकला गेला, भूक परत आली, आणि भूक आल्याबरोबर माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवणंही. लिफ्ट बंद आहे, त्यामुळे ती खाली उतरत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई रोज तिची चौकशी करायला येतात आणि तासभर स्वतःच्या पित्ताबद्दल सांगून जातात. बाकी सगळं आहे तसंच. डोळ्यांचं पुढे लिहिते.

पत्र का, असं तुला वाटेल. तू माझा फोन उचलत नाहीस हे एक कारण. दुसरं म्हणजे फोनवर दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज चढतो आणि तिसऱ्याला तू ‘बरं ताई, ठेवतो’ म्हणतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही.

तुझा दिवा मी खोक्यात घालून कपाटावर ठेवला आहे. आता त्या कपाटावर तुझी सात खोकी झाली. आईचे गुडघे दुखले, तू पाय दाबणारं यंत्र पाठवलंस. तिला झोप लागेना, तू पावसाचा आवाज काढणारा डबा पाठवलास. त्या आवाजाने ती बिचारी दर अर्ध्या तासाला बाथरूमला जायची. मग ती न्यूमोनिया होऊन दवाखान्यात पडली, तर तिकडून घरी येईपर्यंत तुझा जंतू मारायचा दिवा आमच्याआधी दारात हजर. दोन वर्षांत खोकी सात आली. तू आला नाहीस. एवढं नियमित तर लोक स्वतः येत नाहीत, म्हणून कुरिअरवाल्याला आई चहा विचारते.

त्या माहितीपत्रकाचं तर काय सांगावं. कुणी लिहिलं होतं देव जाणे. ‘प्रकाशात जिवंत वस्तू ठेवणे टाळावे’ हे वाचून आई म्हणाली, म्हणजे मला बाहेर काढणार. आणि तू फोनवर काय म्हणालास ते आठवतंय? ‘ताई, सेन्सर आहे. कुणी आत गेलं की आपोआप बंद होतो. काही काळजी नाही.’ काळजी नाही हे तू नेहमी दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टींबद्दल म्हणतोस.

मी अठरा वर्षं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत याच उजेडाशेजारी काम करते. शेजारी म्हणते, खाली म्हणत नाही, कारण त्याच्याखाली कुणी काम करत नाही, हाच तर सगळा मुद्दा आहे. तो लावायचा तर खोलीत माणूस नको, मांजर नको, कुंडीसुद्धा नको. आईच्या खिडकीतला वेल आठवड्यात तपकिरी झाला तो उगाच नाही. दार लावायचं, बाहेरून कडी घालायची, आत दिवा चालू आहे अशी चिठ्ठी दाराला लावायची. नळीला बोट लावायचं नाही. झाल्यावर आधी बंद करायचा, मग आत जाऊन खिडक्या उघडायच्या. आणि एवढं सगळं करूनही तो उजेड जिथे थेट पडतो तेवढंच साफ होतं. उशीच्या मागे नाही, चादरीच्या घडीत नाही, धुळीच्या थराखाली नाही. म्हणजे साबणाने पुसून खिडकी उघडी ठेवली असती तरी आईचं बरंचसं काम झालं असतं. पण साबण खोक्यात घालून पाठवला की भाऊ मोठा दिसत नाही.

त्याची खरी लबाडी सांगते. त्या वेळी काही जाणवत नाही. चटका नाही, ऊब नाही, काही नाही. माणूस त्यात बसतो, बोलतो, उठून जेवतो. मग चार-सहा तासांनी डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं होतं.

तर त्या रविवारचं. तुला मी फोनवर जे सांगितलं ते पुन्हा लिहिते, म्हणजे कागदावर राहील. साडेदहाला मी आईला पुढच्या खोलीत मटार सोलायला बसवलं, तिच्या खोलीचे पडदे ओढले आणि दीड तासाची वेळ लावून दिवा सुरू केला. तिचा फोन आत पलंगाशेजारी चार्जिंगला राहिला. अकराला तुझा नेहमीचा फोन वाजला आणि ती तो घ्यायला आत गेली. चाळीस मिनिटं बोललात. मी आंघोळीला होते.

संध्याकाळी तिने डोळे चोळायला सुरुवात केली. आठच्या सुमाराला ती भिंतीला हात लावत चालत होती. अर्धा चेहरा आणि उजवा हात उन्हात करपल्यासारखा लाल. उजव्या गालावर मात्र एक लांबट गोरा चौकोन होता. तिथे फोन धरला होता. तू जिथे होतास तेवढाच गाल वाचला.

डॉक्टर म्हणाल्या, नशीब, बुबुळाची वरची कातडी आहे, दोन-चार दिवसांत भरून येईल. आली. आता तिला सगळं दिसतं. माझ्या केसांतलं पांढरंसुद्धा. तुझा दिवा, तुझा सेन्सर, तुझा फोन. मी तुला जे जे बोलले त्यातला एक शब्द मागे घ्यावा असं मला वाटत नाही.

कुकर झालाय. उरलेलं उद्या.

बुधवार

कालचं सकाळी पुन्हा वाचलं. हस्ताक्षर छान आलंय. मी खोटं लिहिते तेव्हा माझं अक्षर नेहमी छान येतं, शाळेपासून.

आधी सेन्सरचं. तुझा सेन्सर चांगला होता. इतका चांगला की उन्हाने तापलेला पडदा हलला तरी दिवा बंद व्हायचा. तीनदा मी वेळ लावली, तीनदा मधेच बंद. अर्धवट काम मला चालत नाही हे तुला माहीतच आहे. चौथ्या दिवशी मी सेन्सरच्या डोळ्यावर काळी चिकटपट्टी लावली. ती मी लावली. मला वाटलं, ज्याला कळत नाही त्याच्यासाठी सेन्सर; मला कळतं.

आमच्याकडे एक जुना सहकारी आहे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. गेल्या वर्षी त्याने प्रयोगशाळेतल्या कपाटाच्या दाराची कळ अशीच पट्टी लावून दाबून ठेवली होती, दार उघडलं तरी दिवा चालू राहावा म्हणून. घाई होती त्याला. मी लेखी तक्रार केली. पंधरा दिवस घरी बसवलं त्याला. जाताना तो म्हणाला, ‘मॅडम, एक पट्टीच होती हो.’ मी सगळ्यांसमोर म्हणाले की अशी पट्टी लावणाऱ्याला मूर्ख म्हणत नाहीत, त्याच्यासाठी दुसरा शब्द आहे. तो शब्द मी तेव्हा उच्चारला होता. इथे लिहीत नाही. गेले सहा आठवडे तो माझ्याच अंगावर येतोय.

आता आंघोळ. मी आंघोळीला नव्हते.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत आले तर मटार ताटात तसेच, आणि आईच्या खोलीतून हसण्याचा आवाज. तू ऐकतोस तिचं ते हसणं दर रविवारी, तुला त्याचं काय. मी अकरा वर्षं तिच्याबरोबर राहते. माझ्याशी ती बोलते, रुसते, औषधाच्या वेळा विचारते. तशी हसत नाही. मी दाराशी गेले. ती स्पीकर लावते आणि तरी फोन गालालाच धरते, म्हणून तुझं सगळं ऐकू येत होतं. तू विचारलंस, ‘मग, इन्स्पेक्टर काय म्हणतेय? तुला निर्जंतुक केलं की नाही?’ आणि आई म्हणाली, ‘उकळून काढायची तेवढी राहिलेय रे.’ आणि मग दोघं हसलात. छान जमलं होतं वाक्य. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मीही हसले असते.

पहिलं मिनिट मला दिव्याची आठवण नव्हती, हे खरं आहे. मग मी मान खाली घातली. आपला बोळ अंधारा आहे. दाराखाली निळी रेघ होती.

मला कळलं. एका क्षणात सगळं कळलं. पट्टी, वेळ, आईचा चष्मा पुढच्या खोलीत मटारांशेजारी. रिमोट माझ्या खिशात होता. दार ढकलायचं आणि एक बटण दाबायचं, एवढंच.

मी स्वयंपाकघरात गेले. दोन कप धुतले. ते आधीच धुतलेले होते. पुसले, खुंटीला लावले, त्यांचे कान एका बाजूला केले. मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग गेले. नऊ मिनिटं झाली होती.

आत जाऊन दिवा बंद केला आणि वर आईलाच ओरडले, आत कशाला आलीस म्हणून. ती म्हणाली, ‘तो म्हणाला होता ना बंद होतो, म्हटलं होईल आता.’ बघ. पंधरा दिवस मी रोज बजावत होते, दिवा चालू असताना आत जायचं नाही. आणि तुझ्या एका वाक्यावर ती त्याच्यासमोर बसली, चष्म्याशिवाय, वाट बघत. मला त्या क्षणीही तिची काळजी वाटली नाही रे. राग आला.

मी पुष्कळ हिशेब करून बघितले. ती आधीच अर्धा तास बसली होती, माझ्या नऊ मिनिटांनी काय वाढणार होतं? मी प्रयोगशाळेतली बाई. मला माहीत आहे काय वाढतं. आणि नसतं वाढलं तरी ते दोन कप मी धुतलेच ना.

आंघोळीचं वाक्य माझं नाही. ते आईचं आहे. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी नव्हतं का, तर डोळ्यांवर पट्ट्या असलेली आपली आई ताडकन म्हणाली, मुलगी आंघोळीला होती. मला वाटलं, तिचा खरंच तसा समज झालाय. मी ते वाक्य उचललं आणि त्याच दिवशी तुला ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या डोळ्यांत औषध घालत होते. ती आढ्याकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, ‘दाराखाली तुझी पावलं दिसली होती मला.’ मी गालावर ओघळलेला थेंब पुसला. ती म्हणाली, ‘आम्ही हसत होतो म्हणून आली नाहीस ना? मलाच हाक मारायला हवी होती.’ आणि दुसरा डोळा पुढे केला.

त्या दिवसापासून आम्ही त्यावर बोललेलो नाही. ती माझ्याशी जास्तच नीट वागते. ते सहन होत नाही.

अजून एक राहिलं, आणि खरं तर त्याच्यासाठीच हे पत्र आहे. तुला मी सांगितलं की आईला तुझ्याशी बोलायचं नाही, तुझा आवाज ऐकला की तिला त्रास होतो, तिने स्वतःहून विचारेपर्यंत फोन करू नकोस. तू रडलास. मला बरं वाटलं. आई असलं काही म्हणालेली नाही. कधीच नाही. आणि तू बावळट, तू ते खरं मानलंस. जिने चाळीस वर्षांत तुला ‘नाही’ म्हटलेलं नाही ती एका दिव्यासाठी तुझं तोंड बंद करेल असं तुला वाटलंच कसं? सेन्सर असलेल्या वस्तूंवर तुझा विश्वास, आणि आईबद्दल माझ्या तोंडच्या एका वाक्यावरही. नीट बघून विश्वास ठेवायला तू कधी शिकणार आहेस?

ती तुला फोन करणार नाही हे तुला माहीत आहे. तिच्या मते फोन करणं म्हणजे बोलावणं, आणि मुलांना बोलवायचं नसतं. सहा रविवार ती साडेदहालाच पलंगावर बसते. चष्मा लावून. फोन मांडीवर. बारा वाजले की उठते आणि म्हणते, कामात असेल. पहिल्या रविवारी मला वाटलं, बसू दे, कळू दे तिला तिच्या लाडक्याचं प्रेम किती आहे ते. दुसऱ्यालाही वाटलं. परवा तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘बघ गं, याचा आवाज बंद तर नाही ना झाला?’ मी बघितल्यासारखं केलं. चालू आहे म्हटलं.

त्या सहकाऱ्याला काल जिन्यात गाठलं आणि पट्टीचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आई कशी आहे एवढंच विचारलं. म्हणजे तिथेही मला कुणी ओरडलं नाही.

तू ओरड. तुझा हक्क आहे, आणि तुला ते फारसं जमत नाही, तेव्हा आधी सराव कर. पण ते मला, वेगळ्या फोनवर. रविवारी अकराला तिला फोन कर, काही झालं नाही असा. कुठे होतास असं ती विचारणार नाही. तूही सांगू नकोस. मी स्वयंपाकघरात असेन. तिच्या खोलीचं दार उघडं ठेवीन. माझ्यावर हसायचं असेल तर आवाज कमी करू नका.

आणि आठवं खोकं पाठवू नकोस. त्या पैशाचं तिकीट काढ. तिला तुझ्यापुढे बसून हसताना मला एकदा बघायचं आहे, दार मधे न ठेवता.

खाली चिकटवली आहे ती पट्टी तीच. आता धरत नाही, म्हणून कडेने दोरा घातलाय.

तुझी,
इन्स्पेक्टर