एका डोळ्याचा गणपती

शनिवार, श्रावण वद्य द्वादशी. तिन्हीसांजा.

पुन्हा वीज गेली! सूनबाई, सुलभा, कारखान्यात गणपतीच्या मूर्तीचे डोळे आखत होती. उजवा झाला, डावा राहिला. सकाळी मूर्ती न्यायला टेम्पो येणार आणि मागे मूर्तींची अख्खी रांग कोऱ्या डोळ्यांनी बसलेली. कंदील धरतो म्हणालो, तर म्हणते, "नको मामा, कुंचल्याची सावली हलते, नजर तिरळी येते."

चिडून पुतण्याला, दिनूला, फोन लावला. तो पेणच्या सबस्टेशनात असतो.

"काका, आपलं काय नाय बिघडलं. रोह्याचा ट्रान्सफॉर्मर जळला. त्यांचा लोड आपल्यावर आला, तो पेलंना, म्हणून आपल्या हमरापूरची लाईन बंद केली."

"रोह्याचं ओझं आम्ही का वाहायचं?"

"मागं आपला जळला तवा त्यांनी नाय वाह्यलं?"

मी फोन ठेवला.

शाळेत घोकलेली दिव्याची एक कविता आठवली, म्हणायला लागलो. "मामा, त्यानं डावा डोळा उघडणार हाय का?" म्हणत सुलभाने बाप्पाच्या तोंडावर पंचा टाकला. अर्धी नजर कुणावर पडू नये, म्हणे.

आत्ता दिनूचा फोन आला. रोहा उजळलाय, आपल्या विजेवर! आपली लाईन सकाळी. टेम्पोही सकाळीच. आधी कोण पोचेल, ते पंच्याखालच्या त्या एका डोळ्याला ठाऊक.