सात नंबरचा खड्डा

१२ मे

४.१, ४.०, ४.१ ओहम. तीन वर्षांचे आकडे, सात नंबरच्या खड्ड्याचे!

कारखान्यातले बाकीचे अर्थिंगचे खड्डे उन्हाळ्यात सात-आठवर जातात, पावसाळ्यात खाली येतात. जमीनच ती, वाळली की वीज पोटात घ्यायला कुरकुर करणारच. हा एकटाच शहाण्या मुलासारखा चारावर बसलेला. चार नंबरच्या टाकीवर वीज पडली तर ती जमिनीत उतरणार याच खड्ड्यातून, आणि टाकीत काठोकाठ थिनर. शेजारचा सहा नंबर पाइपाच्या कामात उखडला, तो अजून जोडलेला नाही.

मोजणीचा ठेकेदार घरी बसून आकडे भरतो की काय? कुठेतरी पाणी मुरतंय.

१३ मे

स्वतः मोजलं. ४.१. मीटर बदलला. ४.१!

पण खड्ड्यातली माती ओली. आजूबाजूच्या जमिनीला भेगा आणि इथे ओल! ही युक्ती जुनी आहे — मोजणीच्या आधी पाणी ओतायचं, मीटर फसतो. मोजणारा गेला की खड्डा पुन्हा कोरडा. पण मी आज येणार हे कुणाला ठाऊक होतं? मी तर कुणाला बोललेही नव्हते.

१५ मे

संध्याकाळी सव्वापाचपासून पंपघराच्या आडोशाला उभी होते. लाज वाटली थोडी. पण सापडले. माळीबुवा! दोन बादल्या घेऊन आले, इकडे तिकडे पाहिलं, झाकण उचललं आणि ओतलं.

"काय चाललंय?"

"झाडाला घालतोय, बाई."

तिथे गवताची काडी नाही. आणि वर माझ्याकडे बघून हसले, जणू आमचं दोघांचं काही ठरलंय. निर्लज्जपणाची कमाल आहे.

१६ मे

धाकटीच्या नवऱ्याला सांगितलं. तो टाक्यांवरचा ऑपरेटर, दिवसातून तीनदा चार नंबरच्या माथ्यावर चढून पातळी मोजतो. म्हणाला, "ताई, म्हातारा सरळ आहे. तुम्ही ना, आरशातल्या बाईलाही ओळखपत्र मागाल."

मागेन. मधली चार वर्षं मी दुसऱ्या कारखान्यात होते, तेवढ्यात इथे कोण कुणाला मिळालं कोण जाणे. आज कळलं, माळीबुवा ठेकेदाराच्याच गावचे. मग झालं तर!

हा सरळ म्हणतो, पण टाकीवर चढायचंय याला. उद्या काही झालं तर धाकटीला मी काय तोंड दाखवू? पोरं लहान आहेत तिची. रात्रभर तेच डोक्यात.

१८ मे

साहेबांना अहवाल दिला. माळीबुवांना कामावरून काढलं, ठेकेदाराची चौकशी लागली. खड्ड्याला कुलूप, किल्ली माझ्याकडे.

गेटवर म्हणाले, "बाई, तेवढं सात नंबरचं बघा." धमकी की विनवणी, कळलं नाही.

२७ मे

३८! मर्यादा दहाची. उघडं पडलं शेवटी.

ठेकेदार म्हणतो, "खाली खडक आहे. ओल राहिली तरच चालतो तो खड्डा." आता वाचा फुटली! इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का? नवा खड्डा खोदायला पंधरा दिवस लागतील. तोवर पाणी घालू या, म्हणतो. मी साफ नाही म्हटलं. पाणी घातलं की आकडा खाली, म्हणजे पुरावाच गेला. चौकशीवाल्यांना ३८ दिसू दे.

धाकटीच्या नवऱ्याला बजावलं — आभाळ भरलं की टाकीवर चढायचं नाही.

३१ मे

दुपारी वादळ. पावसाचा थेंब नाही, नुसती धूळ आणि विजा. तो आधीच वर होता. घाईने उतरत होता तेवढ्यात पडली, चार नंबरवरच. जिन्याच्या कठड्यातून झटका बसला. दोन्ही तळहात भाजले, वरून पडून खुबा मोडला. आग लागली नाही एवढंच नशीब. कंट्रोल रूममधली अर्धी सर्किट कार्डं जळून गेली.

धाकटी दवाखान्यात एवढंच म्हणाली, "ताई, खड्डा खराब आहे हे तुला माहीत होतं ना?"

माहीत होतं. चार दिवस माहीत होतं. ठेकेदाराला मी सोडणार नाही.

२ जून

माळीबुवांच्या घरी गेले. ठेकेदाराचं नाव त्यांच्या तोंडून हवं होतं. विचारलं, "पाणी घालायला कुणी सांगितलं होतं?"

म्हणाले, "बाई, परीक्षा घेता का माझी?"

आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. आत घडी घातलेली चिठ्ठी. त्यांच्यासमोर वाचवली नाही मला. तशीच घेऊन आले.

३ जून

सहा वर्षांपूर्वीची तारीख. "माळीबुवा, सात नंबरच्या खड्ड्याखाली खडक आहे. रोज संध्याकाळी दोन बादल्या घाला, एक दिवसही चुकवू नका. पाण्यावरून साहेब ओरडतात, म्हणून कुणी विचारलं तर झाडाला घालतोय म्हणा."

अक्षर माझं. सही माझी. लिहिल्याचं आठवतही नव्हतं. धाकटीला दाखवायला निघाले आहे.