कोणाले सांगाचं नाई

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

संडासात पुन्हा रक्त. दसऱ्यापासून सुरू आहे. उष्णता झाली, दुसरं काय! ठेचा बंद केला, तूप-भात खाल्ला. एवढ्याशासाठी डॉक्टर करत बसणारी मी नाई.

६ नोव्हेंबर

तरी पडलंच. सून प्रणाली म्हणे, आई, तुमी आत गंज वेळ बसता. म्हटलं, आता तथचा बी हिशेब तुले देऊ का?

बागेत संत्र्याच्या झाडाईले डिंक सुटला. पोराच्या मांगं लागली. नितेश, आजच्या आज साल खरड अन बोर्डोचा लेप लाव! उद्या-उद्या केलं का बुंधा सडते. गेला कुरकुरत.

१० नोव्हेंबर, रविवार

देवमनकडे जाऊन आली. तो मूळव्याधीची मुळी देते. रविवारीच, उपाशीपोटी, केळ्यात घालून. पैसा घेत नाई. तपासत नाई, काई विचारत बी नाई — हेच तं बरं! बिनवळखीच्या माणसापुढं लुगडं सोडून पडाचं, त्यापरीस मेलेलं बरं.

पथ्य एकच. "कोणाले सांगाचं नाई, माय. सांगतलं का गुण गेला." बरं वाटलं का नारळ घेऊन जाचं, मंग मोकळं.

येताना फाट्यावर नितेशची गाडी दिसली, देवमनच्या गावाकडं वळत होती. मी पदर पुढं ओढला. त्यानं बी तोंड दुसरीकडं केलं. मी दिसली नसन. व्यापारी पाहाले गेला असन.

१७ नोव्हेंबर

दुसरं केळं खाल्लं. रक्त बंद! हात गुणाचा आहे देवमनचा. लोकं उगाच अमरावतीच्या दवाखान्याईत जाऊन पडतात.

२५ नोव्हेंबर

पुन्हा. आता लाल नाई, काळपट. संडासात मिसळून येते. संडास बी बोटासारखी बारीक. चार-चार वेळा जा, तरी वाटते उरलंच आहे.

कोणाले सांगतलं मी? शेजारी नाई. पोरीले फोनवर नाई. सुनेले तं नाईच नाई.

मंग ध्यानात आलं. या वहीले सांगतलं! लिहिणं बी सांगणंच झालं. बंद.

१२ जानेवारी २०२५

आता लपवाचं राह्यलंच काय.

संक्रांतीचे तीळ निवडून राहिली होती. उठाले गेली अन डोळ्यापुढं अंधार. जागी झाली तं प्रणाली माह्यं लुगडं बदलून राहिली होती. तिनं पाह्यलं. सगळं पाह्यलं. रडली नाई, ओरडली नाई. पाणी आणलं, पुसलं, मंग म्हणे —

"झाडाले डिंक दिसला का घर डोक्यावर घेता, आई. अन सोताचं झाकून ठेवता?"

ब्लाऊजात दोन बोटं घालून दाखवलं तिनं, किती ढिला झाला. मले वाटत होतं कापड पसरलं.

१३ जानेवारी, अमरावती

डॉक्टरीणबाई म्हणजे पोरगीच. मी भिंतीकडं तोंड केलं. हातमोजा घातला, बोटानं तपासलं. झालं बी! मी आणखी दम धरूनच बसली होती. एवढ्याच्या शरमेपाई मी केळी खात फिरली.

मंग विचारणं. रंग कसा, मिसळून का वरून, वजन घटलं का. म्हटलं, मूळव्याध आहे मले.

"कोणी पाहून सांगतलं, आजी?"

कोणीच नाई.

म्हणे, मूळव्याधीचं रक्त बहुतेक लालभडक, वरून थेंब-थेंब. पण निस्ता रंग पाहून कोणी सांगू शकत नाई, मी बी नाई. रक्त दिसलं का एकदा दाखवाचंच. मिसळून येते, संडासाची तऱ्हा बदलली, वजन उतरलं, थकवा आला तं त्याच हप्त्यात. अन भळभळ थांबतच नसन, नाईतर चक्कर येऊन पडली, तं तसंच उचलून दवाखान्यात. तरण्या माणसानं बी हेच कराचं.

मी म्हटलं, केळ्यानं बंद झालं होतं न. म्हणे, ते आपोआप बी बंद होते काई दिवस. तथीच लोकं फसतात.

अंगातलं रक्त अर्ध्यावर आलं आहे. बाटली लावली. कोणाचं रक्त आहे कोणजाणे.

१८ जानेवारी

दुर्बीण टाकली. आदल्या दिवशी ते खारं पाणी पाजलं — पोट धुऊन निंघालं. आत गाठ आहे. तुकडा काढून तपासाले धाडला.

डॉक्टरीणबाईनं घरच्याईचं विचारलं. माह्ये बाबा असेच गेले, वाळून वाळून. घरी रक्ती आव म्हणत. कोणी पाह्यलंच नोयतं. ती नितेशले म्हणे, हे तसलं निंघालं तं तुमची बी दुर्बीण करा लागन. तो चपलेकडं पाहत राह्यला. प्रणालीनं कोपर मारलं तवा हो म्हणे.

२४ जानेवारी

कॅन्सर.

आणखी फोटो काढले. काढता येइन म्हणतात. पोटाले संडासाची पिशवी लावा लागली तं लावू म्हणतात. मी विचारलं, दिवाळीत आली असती तं? बाईनं कागद उलटला अन दुसरंच बोलाले लागली. समजली मी.

२५ जानेवारी

घरी आणलं. पुढच्या हप्त्यात ऑपरेशन. प्रणालीनं मऊ खिचडी केली. दोन घास गेले. नितेशचं ताट तसंच. पोराचं मनगट पाह्यलं आज. घड्याळ खाली घसरते. माह्या दुखण्याचा घोर, असं प्रणाली म्हणे.

२६ जानेवारी, रविवार

सकाळीच नितेश गाडी काढून राहिला होता. म्हटलं, चहा पिऊन जा. म्हणे, नको, उपाशीच जाचं आहे.

रविवार. उपाशी. तो फाटा.

गाडीची चाबी काढून घेतली. विचारलं, कवापासून पडते रक्त?

खाली पाहूनच बोलला. "आई, सांगतलं तं गुण जाते."

मी अंगणात उभी राहून प्रणालीले हाक मारली. गल्लीत सगळ्याईले ऐकू जाइन अशी.