फाट्यावरची काठी

सोमवार, ३

लागले बाई एकदाची कामाला. हायवेची एक बाजू खोदून ठेवलीये, उरलेल्या बाजूने आळीपाळीने गाड्या सोडायच्या. मध्ये टेकडीचं वळण, त्यामुळे पलीकडच्या टोकाच्या ताई मला दिसत नाहीत, मी त्यांना नाही. म्हणून ही लाल काठी. माझ्या रांगेतल्या शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात ती द्यायची. ताईंना मिळाली की रस्ता रिकामा. मग त्यांच्या गाड्या सुटतात आणि त्यांची शेवटची गाडी काठी मला परत आणून देते. वॉकीटॉकी दिलाय, पण त्याचा भरवसा नाही; काठी हातात नाही तर गाडी सोडायची नाही, मग मंत्री येवो नाहीतर सासरा. दुपारपर्यंत हात इतका सरावला की गाडी जवळ आली की आपोआप पुढे व्हायला लागला.

नवरा अवजड ट्रेलर चालवतो. गुरुवारी ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याला इथूनच जायचंय. घरी माझं एक ऐकत नाही, इथे मी हात दाखवला की मुकाट्याने थांबावं लागेल. ही वहीही त्यानेच दिलीये. म्हणाला, बडबड कागदावर कर, माझे कान वाचतील.

मंगळवार, ४

आज घोळ झाला. काठी पाठवून जरा टेकले, तोच वळणावरून एक जुना ट्रक आला. ड्रायव्हरने मान न वळवता काठी पुढे केली, मी घेतली. रांगेत पुढे गाद्यांचा टेम्पो होता, तो सोडला. तेवढ्यात वॉकीटॉकीवर ताई करवादल्या, की काठी अजून त्यांच्याच हातात आहे, मी गाडी सोडलीच कशी.

माझ्या हातातल्या काठीला ओली माती लागलेली. इथे तर महिनाभर नुसता धुरळा उडतोय.

टेम्पो पलीकडे पोचलाच नाही. मुकादम मोटरसायकलवरून दोनदा बघून आले. मध्ये वळायला जागा म्हणजे खाणीकडचा एक फाटा, आणि तोही पत्रे ठोकून बंद केलेला. मुकादम माझ्याशी धड बोलले नाहीत.

बुधवार, ५

आज मुकादमांनी तोंड उघडलं. फाटा चालू होता तेव्हा तिथेही एक माणूस काठी घेऊन उभा असायचा. लोखंडी तुळया घेऊन वळणारा ट्रेलर त्याच्यावर उलटला. त्याला काढला, काठी काही सापडली नाही. आता ती काठी कोणी हातात घेतली की पुढची गाडी तो फाट्यावर वळवून घेतो, म्हणाले. हे सोमवारी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, सांगितलं की माणसं टिकत नाहीत.

घरी सांगितलं तर नवरा हसला. एवढा माल दुसऱ्या रस्त्याने न्यायची परवानगी नाही, म्हणाला. खूप भीती वाटतेय. ताईंना सांगून आमच्या काठीला ओढणीची हिरवी चिंधी बांधलीये, चांगल्या तीन गाठी मारून. आता फसायची नाही.

गुरुवार, ६

ट्रेलर समोर उभा आहे. मागे हॉर्न. हा वरून हात हलवतोय, बावळट.

एक जीप काठी घेऊन आली. चिंधी आहे. गाठी आहेत. तरी घेतली नाही. वॉकीटॉकीवर ताईंना विचारलं, तुम्हीच दिली का. दिली, म्हणाल्या. पुन्हा विचारलं. दिली गं.

घेतली. त्याच्याच हातात दिली आणि सोडला त्याला.

नंतर

ताई चालत आल्या, धापा टाकत. तिकडे एकही गाडी आली नाही, काठी पाठवणार कोणाबरोबर, म्हणून स्वतःच निघाल्या. त्यांचा वॉकीटॉकी सकाळपासून बंद पडलाय. वाटेत ट्रेलर दिसला नाही, म्हणतात.

त्यांच्या हातात काठी आहे. हिरवी चिंधी. मग मी घेतली ती—

मुकादमांनी सगळी रांग मागे पाठवली. दोघं वळणाकडे धावत गेलेत. मीच सोडला त्याला. मीच—

ट्रेलर येतोय. माझ्याकडे. वर ट्रान्सफॉर्मर नाही.

तोच आहे. थांबलाय. काच खाली केली. काठी पुढे— ओली माती.

रांगेत गाडी नाही. पुढची मीच.

हात वहीवर दाबून ठेवलाय. लिहीत राहिले तर तो पुढे होणार नाही. लिहीत राहायचं. लिहीत—

म्हणतोय, घे गं, किती वेळ धरून राहू. आवाज त्याचाच. हसतोय पण तसाच—

माझा हात