आत्याच्या आधीच ठेवलेलं नाव

रविवार, बडनेरा

आज अकोल्याला भाचीचं बारसं होतं. नाव आत्यानं ठेवायचं, म्हणून मी एवढी नटून गेले. पाहते तर पाळण्यावर सोनेरी फुग्यांत नाव आधीच लटकलेलं: मायरा. मग मले बोलावलं काहून? मी म्हटलं, गेलेल्या आईचं नाव ठेवू, वच्छला. भावजय म्हणे, "ताई, सध्या हेच चालून राहिलं." नाव आहे का ड्रेस? आईचा एवढा लाडका भाऊ फुगे सरळ करत राहिला.

शेवटी फुग्यांतलंच नाव बाळाच्या कानात कुर्र केलं. तेवढ्यात जिन्यातून कोणीतरी "मायरा" म्हणून हाक मारली. पाहुण्यांतल्या दोन पोरी "ओ" म्हणत धावल्या.

वच्छला म्हणून हाक मारली, तर आता कोण ओ देणार?