नळी क्रमांक ४१७

३ मार्च
बाबांच्या यकृतातल्या गाठीचा तुकडा आज सुईने काढला. तपासणीला आमच्याच लॅबमध्ये आला. इथला फ्रीझर मीच सांभाळतो. नळीवर नाव नाही, फक्त नंबर: ४१७. गाठीतली कोणती जनुकं जागी आहेत ते वाचून ठरणार, दोन गोळ्यांपैकी बाबांना कोणती लागू पडेल. एकाला जी तारते तीच दुसऱ्याला नुसत्या उलट्या करवते. मी घाबरलेलो नाही. ठराव: रोजच्यासारखं वागायचं.

४ मार्च, सकाळी ९.१०
फ्रीझर उघडून पाहिलं. ४१७ जागेवर आहे. बरं वाटलं.

५ मार्च
वाचन कधी, असं मॅडमना विचारलं. म्हणाल्या, आठ नमुने जमल्याशिवाय मशीन चालवत नाहीत, आत्ता पाचच आहेत. म्हणजे आणखी तीन माणसांना यकृताचा कॅन्सर निघण्याची मी वाट पाहतोय. हा विचार मनात आला म्हणून दहा मिनिटं स्वतःला रागावलो.
नळीच्या नंबरवर बर्फ साचला होता. मुठीत धरून वितळवला. ४१७च.

७ मार्च
ताई म्हणते, तू घरात बाबांकडे बघतच नाहीस, जेवताना मान खाली. धादांत खोटं. लॅबमध्ये दिवसातून तीनदा बघतो.
सफाईवाले मामा फ्रीझरचं दार अर्धा मिनिट उघडं टाकून गप्पा मारत होते. त्यांना झापलं. लोकांच्या जिवाशी खेळ आहे हा.

१० मार्च
बाबांचे डोळे पिवळे वाटले. ट्यूबलाइटमुळे असेल. लॅबमध्ये नळी खिडकीशी, चांगल्या उजेडात धरली. तुकडा दोऱ्याएवढा. जरा मऊ पडल्यासारखा दिसला. लगेच आत ठेवला. परत गोठला की झालं. ठराव: उद्यापासून एकदाच.

११ मार्च
एकदाच पाहिली. दुपारचं धरत नाही, तेव्हा दार दुसऱ्या कामासाठी उघडलं होतं.

१२ मार्च
आठवा नमुना आला. स्वेटर घालून बसलो. एसी फार आहे.

१५ मार्च
सात नमुने वाचता आले. ४१७मध्ये वाचण्यासारखं काही उरलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, "हा पुन्हा पुन्हा वितळलाय. कोण काढत होतं?" मग त्यांनीच दारावरची नोंदवही पाहिली. बावीस नोंदी, सगळ्या माझ्या सुवाच्य अक्षरात. कारण: पाहणी. त्या ओरडल्या नाहीत. वही मिटली आणि फ्रीझरची किल्ली मागितली. मी दिली.

१६ मार्च
बाबांना पुन्हा सुई. रक्त गोठायला आता वेळ लागतोय, म्हणून या वेळी धोका जास्त आहे, असं डॉक्टर म्हणाले.
सगळं सांगायचं ठरवून बाबांच्या खोलीत गेलो. त्यांनी पाय आवरून मला बसायला जागा केली. म्हणाले, "कुण्या गाढवाने माझा नमुना नासवला म्हणे. आता दुसऱ्या कुणावर सोडू नकोस, बाळा. तू स्वतः डोळ्यात तेल घालून बघ."
मी हो म्हणालो.